पाच खेळाडू जायबंदी आणि हंगाम पंधरा दिवसांवर: काळजी नेमकी कशाची करावी?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर कशाचे आहे ते स्पष्ट राहील. इंग्लंडमधल्या फुटबॉलच्या प्रीमियर लीगचा नवा हंगाम पंधरा दिवसांवर आला आहे आणि तुमच्या क्लबचे पाच खेळाडू जायबंदी आहेत. एकाच्या मांडीच्या मागचा स्नायू म्हणजे हॅमस्ट्रिंग दुखावले आहे, दुसऱ्याच्या मांडीचा पुढचा स्नायू, तिसऱ्याचा घोटा, चौथ्याच्या गुडघ्यातला एसीएल, म्हणजे मांडीचे आणि नडगीचे हाड बांधून ठेवणारा पट्टा (लिगामेंट), फाटला आहे आणि पाचव्याला, क्लबच्या निवेदनानुसार, नुसता 'किरकोळ मार' लागला आहे. परतण्याची तारीख प्रत्येक बातमीत निराळी आहे. यावरून तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: खरे सामने सुरू होण्याआधीच एवढ्या दुखापती का होतात, क्लब माहिती लपवतात का, आणि जुळे सोलापुरातले तुमचे मित्र म्हणतात त्याप्रमाणे हंगाम सुरू होण्याआधीच गेला असे समजावे का. क्लबचे नाव तुम्ही लिहिलेले नाही हे बरेच झाले. मीही एका क्लबचा चाहता आहे, आणि तो नेमका तुमचा प्रतिस्पर्धी निघाला असता तर पुढचे एकही वाक्य तुम्ही सरळ मनाने वाचले नसते.

मी एकोणीस वर्षे फिजिओथेरपी करतो. पहिली चार वर्षे पुण्यात एका क्लबच्या युवा संघाबरोबर गेली आणि त्यानंतरची सगळी सोलापुरात. युरोपातल्या कोणत्याही व्यावसायिक खेळाडूला मी कधी तपासलेले नाही, त्यामुळे तुमच्या यादीतल्या कोणाचेही निदान मी करणार नाही. एमआरआय पाहिल्याशिवाय आणि खेळाडूला पालथे झोपवून प्रतिकाराविरुद्ध गुडघा वाकवायला लावल्याशिवाय ते कोणी करूही नये. खेळाडूचे वय, आधीच्या दुखापती, तो कोणत्या जागी खेळतो आणि क्लबला त्याची किती घाई आहे, यांवर बरेच काही अवलंबून असते. मात्र स्नायू सोलापूरच्या पार्क मैदानावर फाटला काय किंवा लिव्हरपूल क्लबच्या अॅनफिल्डवर फाटला काय, तो जुळून येण्याची रीत एकच असते, आणि त्या रीतीबद्दल मी खात्रीने बोलू शकतो.

तुम्ही खेळाडू मोजता आहात. तुमच्या प्रश्नातली खरी अडचण मला तिथे दिसते. युरोपातल्या अव्वल क्लबांतील दुखापतींची नोंद युएफाच्या, म्हणजे युरोपातल्या फुटबॉलच्या शिखर संस्थेच्या, पाहणीत 2001 पासून ठेवली जाते, आणि तिचा ढोबळ हिशेब असा आहे की 25 खेळाडूंच्या संघात एका हंगामात साधारण 50 दुखापती होतात, म्हणजे प्रत्येकामागे दोन, आणि त्यांतल्या पंधराएक स्नायूंच्या असतात. या हिशेबाने एका वेळी पाच जण बाहेर असणे वाईट आहे, पण अघटित नाही. त्याच पाहणीतून हेही दिसले आहे की ज्या हंगामात दुखापतींमुळे कमी दिवस वाया जातात त्या हंगामात संघ तक्त्यात वर राहण्याकडे कल असतो. तेव्हा तुमची काळजी अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. ती फक्त चुकीच्या आकड्यावर खर्च होते आहे. पाच या आकड्यापेक्षा प्रत्येक नावापुढे लिहिलेला अवयव, ती दुखापत पहिली की दुसरी, आणि त्या खेळाडूचा हंगामपूर्व सराव किती बुडाला, हे तीन तपशील अधिक सांगून जातात.

आता पहिला प्रश्न, की या दुखापती आताच का. माझ्या क्लिनिकमध्ये वर्षातून एकदा असेच पीक येते. परीक्षा संपल्या की एप्रिलमध्ये मुले तीन महिन्यांनी एकदम मैदानावर उतरतात, पारा 42 अंशांवर असतो, काळी माती उन्हाने विटेसारखी टणक झालेली असते, आणि मुले पहिल्याच दिवशी दोन तास पूर्ण सामना खेळतात. दुसऱ्या आठवड्यात ती माझ्याकडे येतात आणि 'शीर चढली' म्हणून सांगतात. यात ऊन आणि मैदान यांचा वाटा असतोच, पण मोठा वाटा शून्यावरून एकदम शंभरावर नेलेल्या भाराचा असतो. सुटीनंतर दम लवकर परत येतो. दोन-तीन आठवड्यांत मुलगा पुन्हा नव्वद मिनिटे पळू लागतो. स्नायू आणि त्यांना हाडाशी बांधणारे टेंडन मात्र इतक्या लवकर तयार होत नाहीत. म्हणजे गाडीचे इंजिन तयार असते आणि चेसिस अजून गॅरेजमध्येच असते. व्यावसायिक खेळाडू सुटीतही व्यायाम करतात, त्यामुळे त्यांच्यात ही दरी पुष्कळ लहान असते, पण ती असतेच.

मांडीचा पुढचा स्नायू याच काळात अधिक का दुखावतो, याचे कारणही असेच साधे आहे. जोरात किक मारताना मांडीच्या पुढच्या चार स्नायूंपैकी रेक्टस फेमोरिस नावाच्या स्नायूवर सर्वाधिक ताण येतो, कारण तो खुबा आणि गुडघा असे दोन सांधे ओलांडतो. सुटीत खेळाडू धावतो, वजने उचलतो, पण लांब पल्ल्याचे शंभर फटके कोणी मारत नाही. सराव सुरू झाला की ते एकदम सुरू होतात. युएफाच्या नोंदीतही हा स्नायू हंगामपूर्व काळात अधिक दुखावतो आणि हॅमस्ट्रिंग, जांघ व पोटरी यांच्या दुखापती प्रत्यक्ष हंगामात वाढतात असे आढळले आहे. तेव्हा तुमच्या यादीतला दुसरा खेळाडू हा या दिवसांतला अगदी नेहमीचा रुग्ण आहे.

याच्या जोडीला दौरे येतात. विमानप्रवास, प्रायोजकांचे कार्यक्रम आणि वेगळ्या खंडातले सराव सामने यांत सरावाची सत्रे बुडतात, आणि युरोपातल्या क्लबांच्या नोंदींवरून असे दिसले आहे की हंगामपूर्व सरावाची सत्रे जितकी जास्त, तितका पुढच्या हंगामात दुखापतींमुळे वाया जाणारा वेळ कमी. माझ्या दृष्टीने चाहत्याने काळजी करावी अशी ही गोष्ट आहे, आणि तिच्याकडे कोणाचेच लक्ष नसते. टॉटनहॅमच्या जेम्स मॅडिसनचा एसीएल 3 ऑगस्ट 2025 रोजी दक्षिण कोरियातल्या सोलमध्ये न्यूकॅसलविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्यात गेला. त्याच उन्हाळ्यात चेल्सीचा बचावपटू लीव्हाय कोलविल क्लब विश्वचषक जिंकून, लहानशी सुटी घेऊन परतला आणि हंगामपूर्व सरावाच्या सुरुवातीलाच त्याचा एसीएल फाटला. दौरा किंवा अपुरी विश्रांती हेच त्यांचे कारण होते असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. एसीएल पूर्ण ताज्या खेळाडूचाही जातो. पण तुमच्या क्लबने किती सराव केला आणि किती प्रवास केला, हे जायबंदींच्या यादीइतकेच लक्ष देऊन पाहावे, एवढे मी नक्की सांगेन.

आता तुमची यादी घेऊ. 'किरकोळ मार' म्हणजे बहुतेक वेळा गुडघा किंवा टाच लागून स्नायूत रक्त साकळलेले असते, आणि ते चार-आठ दिवसांत ओसरते. हे नाव यादीतून आजच काढून टाका. घोट्याबाबत एकच प्रश्न महत्त्वाचा आहे. पाय आत मुरगळून बाहेरच्या बाजूचे लिगामेंट ताणले गेले असेल तर खेळाडू दोन-तीन आठवड्यांत पट्टी बांधून परततो. पण बातमीत 'हाय अँकल स्प्रेन' असा शब्द असेल, म्हणजे नडगीच्या दोन हाडांना घोट्याच्या वर बांधून ठेवणारे लिगामेंट दुखावले असेल, तर सहा आठवडे किंवा त्याहून अधिक धरून चाला, कारण पाऊल टाकताना दर वेळी ती दोन हाडे एकमेकांपासून फाकायला पाहतात. दोन्ही बातम्यांचा मथळा एकच असतो, 'घोट्याला दुखापत', आणि त्यामुळेच दोन संकेतस्थळांवर दोन तारखा दिसतात.

हॅमस्ट्रिंगवर मात्र मी रेंगाळणार आहे, कारण माझ्या मते तुमच्या यादीतले सर्वांत फसवे नाव तेच आहे, एसीएलचे नव्हे. पूर्ण वेगाने धावताना पाय पुढे झेपावतो आणि पाऊल जमिनीला टेकण्याच्या अगदी आधी मांडीच्या मागच्या स्नायूला त्या पायाला आवर घालावा लागतो. म्हणजे तो स्नायू लांबत असतो आणि त्याच क्षणी पूर्ण ताकदही लावत असतो. घाटाच्या उतारावर भरलेला ट्रक ब्रेकवर धरून उतरवण्यासारखे ते काम आहे. खेळाचा वेग वाढला तसे हे काम वाढत गेले. युएफाच्या नोंदीत 2001-02 च्या हंगामात एकूण दुखापतींपैकी 12 टक्के हॅमस्ट्रिंगच्या होत्या, त्या 2021-22 मध्ये 24 टक्क्यांवर गेल्या. दोन सामन्यांत तीनच दिवसांचे अंतर असेल तर स्नायूंच्या दुखापती वाढतात, हेही त्याच नोंदींत दिसते.

फसवेपणा असा की ही दुखापत लवकर दुखायची थांबते. आठवड्याभरात खेळाडू नीट चालतो, दहा दिवसांत हळू धावतो, आणि मग त्याला, त्याच्या प्रशिक्षकाला आणि घरच्यांना वाटते की बरे झाले. मलाही एकदा तसेच वाटले होते. सोलापूरच्या पूर्व भागातला एक विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने धावणारा खेळाडू, वय एकोणीस, वडील यंत्रमागावर. बाहेरगावच्या एका संघाची निवड चाचणी तोंडावर आलेली. तीन आठवड्यांनी तपासले तेव्हा दाबून दुखत नव्हते, पाय सरळ वर उचलण्यात दोन्ही बाजू सारख्या होत्या आणि टेबलावरची ताकद चांगली होती. मी परवानगी दिली. मी त्याला पूर्ण वेगाने धावताना पाहिलेच नव्हते, कारण माझ्या क्लिनिकचा व्हरांडा जेमतेम बारा मीटरचा आहे आणि बारा मीटरमध्ये कोणीही पूर्ण वेग गाठत नाही. चाचणीच्या अठराव्या मिनिटाला त्याच जागी स्नायू पुन्हा फाटला, या वेळी टेंडनपर्यंत, आणि पुढचे अडीच महिने गेले. चूक माझी होती, आणि मी ती त्याच्या वडिलांना तशीच सांगितली. तेव्हापासून हॅमस्ट्रिंगचा कोणताही खेळाडू मी व्हरांड्यातून मोकळा करत नाही. सकाळी साडेसहाला मैदानावर नेतो, चाळीस मीटरवर चुन्याची रेघ मारतो, आणि सहा वेळा पूर्ण वेगाने, मग वळत, मग थांबत, मग चेंडू घेऊन धावायला लावतो. सहाव्या फेरीत चेहरा पाहतो. पाय जपणारा मुलगा शेवटच्या दहा मीटरांत हळूच पाऊल आखूड करतो. ते त्याला स्वतःला कळत नाही, पण रेघेजवळ उभ्या असलेल्याला दिसते.

तुमच्या खेळाडूबाबत म्हणून मी दोन गोष्टी शोधेन. पहिली, स्नायूच्या मांसल भागात फाटले आहे की टेंडनमध्ये. मांसल भागाला रक्तपुरवठा चांगला असतो आणि तो तीन-चार आठवड्यांत जुळतो, टेंडनला त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागू शकतो, आणि शस्त्रक्रियेची बातमी आली की टेंडनचाच संशय घ्यावा. दुसरी, याच पायाच्या याच स्नायूला गेल्या वर्षभरात आधी काही झाले होते का, कारण पुढच्या दुखापतीचे सर्वांत भरवशाचे भाकीत मागची दुखापत करते. मँचेस्टर सिटीचा तेव्हाचा मधल्या फळीतला खेळाडू केव्हिन डी ब्रुयन याचे उदाहरण तुम्हाला आठवत असेल. 10 जून 2023 रोजी इस्तंबूलमधल्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात तो हॅमस्ट्रिंग धरून पहिल्या अर्ध्यातच बाहेर गेला. संपूर्ण उन्हाळा मध्ये होता, आणि 11 ऑगस्टला हंगामाच्या पहिल्याच सामन्यात, बर्नलीत, 23 व्या मिनिटाला तो पुन्हा बाहेर आला. त्यानंतर शस्त्रक्रिया झाली आणि तो मैदानावर दिसला तो जानेवारी 2024 मध्ये. जगातली उत्तमोत्तम वैद्यकीय व्यवस्था हाताशी असताना हे घडते, म्हणून मी या स्नायूला भितो.

यावर उपाय आहे, आणि तो स्वस्त आहे. नॉर्डिक नावाचा व्यायाम मी प्रत्येक मुलाला शिकवतो. सोलापुरी चादर चार पदरी घडी करून गुडघ्यांखाली घ्यायची, मित्राने मागून दोन्ही टाचा घट्ट दाबून धरायच्या, आणि पाठ व मांडी एका रेषेत ठेवून पुढच्या बाजूला जितके सावकाश जाता येईल तितके जायचे. पहिल्या दिवशी बहुतेक मुले अर्ध्या वाटेवर धप्पकन हातांवर पडतात. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना त्यांना मी आठवतो, आणि ती आठवण प्रेमाची नसते. नियमित केल्यास या व्यायामाने हॅमस्ट्रिंगच्या दुखापती साधारण निम्म्याने कमी होतात असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित निष्कर्षातून दिसले आहे. तरीही 2015 मध्ये युरोपातल्या अव्वल क्लबांची पाहणी झाली तेव्हा बहुसंख्य क्लब तो ठरल्याप्रमाणे करत नव्हते. सामन्याच्या दोन दिवस आधी मांड्या दुखवून घ्यायला कोणताच खेळाडू राजी नसतो. म्हणून त्याची पायाभरणी हंगामपूर्व आठवड्यांतच करावी लागते, आणि दौऱ्यावर गेलेल्या क्लबला नेमके तेच आठवडे कमी पडतात.

एसीएलचा चौथा खेळाडू तुम्हाला सर्वांत जास्त सलतो आहे असे तुमच्या लिहिण्यावरून वाटते. दुःख समजण्यासारखे आहे, पण नियोजनाच्या दृष्टीने ही दुखापत सर्वांत स्वच्छ आहे: तो या हंगामाचा बराचसा काळ नाही, क्लबला ते माहीत आहे, आणि क्लब त्याच्या जागी दुसरा माणूस आणू शकतो किंवा तयार करू शकतो. शस्त्रक्रियेत फाटलेल्या लिगामेंटच्या जागी खेळाडूच्याच शरीरातला टेंडन बसवतात, आणि त्या टेंडनला लिगामेंटसारखे वागायला शिकायला महिने लागतात. पहिल्या दोन-तीन महिन्यांत गुडघा बरा वाटू लागतो आणि नेमका तेव्हाच आतला कलम केलेला भाग सर्वांत नाजूक असतो. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या एका संयुक्त अभ्यासात असे आढळले की शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणे जितके महिने लांबवले, तितक्या प्रत्येक महिन्यामागे गुडघा पुन्हा दुखावण्याचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटले. म्हणून कोणी सहा महिन्यांत परततो आहे अशी बातमी आली तर आनंदू नका, आणि दहा महिने लागणार म्हटले तर क्लबचे डॉक्टर शहाणे आहेत असे समजा. लिव्हरपूलचा बचावपटू व्हर्जिल व्हॅन डाइक 17 ऑक्टोबर 2020 रोजी एसीएलला इजा होऊन जायबंदी झाला आणि 29 जुलै 2021 च्या मैत्रीपूर्ण सामन्यात परतला. लिव्हरपूलने त्याला मधल्या युरो स्पर्धेसाठी घाईने उभे केले नाही, आणि पुढच्या हंगामात त्या संघाने दोन देशांतर्गत चषक जिंकले. आपल्याकडचा बचावपटू संदेश झिंगन ऑक्टोबर 2019 मध्ये गुवाहाटीत एका सराव सामन्यात असाच जायबंदी झाला, 2019-20 च्या संपूर्ण हंगामाला मुकला, आणि त्यापुढच्या हंगामात देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. प्रत्येकाचे असे होत नाही. एसीएलनंतर तीन वर्षांनी पूर्वीच्याच सर्वोच्च पातळीवर खेळत असलेल्या अव्वल व्यावसायिकांचे प्रमाण 65 टक्के आढळले आहे, म्हणजे तिघांतला एक मागे पडतो.

क्लब लपवतात का, या तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'थोडेसे' असे आहे, पण तुम्हाला वाटते त्या कारणाने नव्हे. खेळाडूचा एमआरआय ही त्याची खासगी बाब असते, आणि पहिल्या सामन्यात कोण नाही हे प्रतिस्पर्ध्याला आधी सांगून कोणाचेच भले होत नाही. एवढे लपवणे मी रास्त मानतो. त्यापलीकडे, तारीखच मुळात अस्तित्वात नसते. माझ्याकडे येणारे पालक पहिल्याच दिवशी विचारतात, "डॉक्टर, तारीख सांगा." घरच्यांच्या समाधानासाठी मी आठवडे सांगतो, खेळाडूला मात्र पायऱ्या सांगतो: न दुखता जिना उतरणे, मग दुखऱ्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या नव्वद टक्क्यांवर येणे, मग वेग, मग वळणे, मग संघाबरोबरचा पूर्ण सराव, आणि शेवटी सामना. कोणी एक पायरी चार दिवसांत चढतो, कोणाला चौदा लागतात. संकेतस्थळांवर दिसणारी तारीख बहुधा तशा दुखापतीच्या सरासरीवरून काढलेली असते. त्या खेळाडूचा पाय कोणीच पाहिलेला नसतो. प्रशिक्षकांचे पत्रकार परिषदेतले 'तो जवळ आला आहे' हे वाक्यही मी फार मनावर घेत नाही. 'संघाबरोबर पूर्ण सराव सुरू केला' एवढ्या एकाच वाक्याला माझ्या लेखी वजन आहे. त्यानंतर साधारण एक ते दोन आठवडे धरावेत.

थोडक्यात, तुमच्या जागी मी असतो तर यादी अशी वाचली असती: मार लागलेला खेळाडू विसरायचा, घोटा साधा असेल तर तोही विसरायचा, मांडीच्या पुढच्या स्नायूवाल्याला पहिले चार-पाच सामने मोठे फटके आणि फ्री किक न मारता खेळताना पाहायची तयारी ठेवायची, एसीएलवाल्याला या हंगामाच्या हिशेबात धरायचेच नाही, आणि सगळी काळजी हॅमस्ट्रिंगवाल्यासाठी राखून ठेवायची, विशेषतः ती त्याची दुसरी वेळ असेल तर.

तिसरा प्रश्न, हंगाम गेला का. 2023 च्या ऑगस्टमध्ये रेआल माद्रिदचा गोलरक्षक थिबो कोर्टवा 10 तारखेला सरावात आणि बचावपटू एडर मिलिताओ 12 तारखेला पहिल्याच लीग सामन्यात, असे तीन दिवसांत दोघे एसीएल फाटून गेले. तेव्हा माद्रिदच्या चाहत्यांनीही तुमच्या मित्रांसारखेच सुस्कारे सोडले असतील. त्या हंगामात माद्रिदने स्पेनची ला लीगा जिंकली, चॅम्पियन्स लीग जिंकली, आणि त्या अंतिम सामन्यात गोलमध्ये कोर्टवाच उभा होता. डी ब्रुयन जवळजवळ पाच महिने नसताना मँचेस्टर सिटीने त्याच वर्षी प्रीमियर लीग राखली. उलट बाजूही सांगतो: सप्टेंबर 2024 मध्ये सिटीच्या मधल्या फळीतल्या रॉड्रीचा एसीएल गेला आणि तीच सिटी तिसऱ्या क्रमांकावर घसरली, 2020-21 मध्ये व्हॅन डाइकपाठोपाठ जो गोमेझ आणि जोएल मातिप हेही गेल्यावर गतविजेत्या लिव्हरपूलचीही तीच गत झाली. लिव्हरपूलची तीनही नावे एकाच जागेवरच्या खेळाडूंची, मधल्या बचावपटूंची, आहेत, आणि रॉड्रीसारखा दुसरा माणूस सिटीकडे नव्हता. पाच जण मैदानाच्या पाच वेगवेगळ्या जागांवरचे असतील तर संघ निभावून नेतो. दोनच गेले पण दोघेही मधले बचावपटू असतील तर मला घाम फुटेल. तुमच्या पाच जणांच्या जागा तुम्ही लिहिलेल्या नाहीत. तेवढ्या पाहून घ्या.

पहिल्या सामन्याच्या संध्याकाळी संघाची यादी आली की हॅमस्ट्रिंगवाला सुरुवातीच्या अकरांत आहे की बाकावर, ते आधी बघा. बाकावर असेल आणि शेवटची वीस-पंचवीस मिनिटे खेळला तर सगळे ठरल्याप्रमाणे चालले आहे. सुरुवातीपासून खेळला आणि साठाव्या मिनिटाला, चांगला खेळत असताना, बाहेर काढला, तर प्रशिक्षकाला शिव्या देऊ नका; ती साठ मिनिटे बहुधा फिजिओने आठवड्यापूर्वीच ठरवून दिलेली असतात. आणि संघ एका गोलने मागे आहे म्हणून त्याला नव्वद मिनिटे ठेवले, तर शेवटच्या पंधरा मिनिटांत तो मोकळ्या जागेत धावताना पाऊल आखूड करतो का, तेवढे पाहा.